शंभरातले अठ्ठ्याण्णव

३ मे २०२०, रविवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी लिहून राहिली. मोबाइलवर 'वेळेचं नियोजन' नावाचा कोर्स लावला, त्यातली बाई म्हणे रोज काय केलं ते लिहा, मंग वेळ कुठे जाते ते समजते. माझा वेळ कुठे जाते ते मले न लिहिताही माहीत आहे. खुशालरावाच्या चहात जाते. खुशालराव म्हणजे माझा नवरा. तोंडानं नाव घेत नाही, कागदावर घेतलं तर चालते.
कोर्स अपेक्षानं दाखवले. माझी पोरगी. अमरावतीले बी.एस्सी. करते, लॉकडाऊन लागला म्हणून होस्टेल सोडून घरी आली. पाच-सहा तासांचे कोर्स, सगळ्या विषयांचे, सगळे फुकट, आणि शेवटी नाव छापलेलं सर्टिफिकेट. ती म्हणे, आई, तू चौथी पास, तुले झेपन का? मी चौथीत पहिली आली होती. वर्गात चारच पोरी होत्या, पण पहिली ते पहिली.
संकल्प: पेरणीच्या आधी वीस सर्टिफिकेट. रोज पहाटे चारले उठणे.

४ मे, सोमवार. सकाळी ७.३०.
आत्ताच उठली. चार वाजता जाग आली होती, पण कोर्समधल्या बाईनं झोप पुरी घ्या असंही सांगतलं आहे. दोन्ही एकदम कसं होईन.

६ मे, बुधवार.
बचत गटाची बैठक झाली. तोंडाले रुमाल बांधून, लांब लांब बसून. मागच्या साली सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या टायमाले पाऊस लागला, साऱ्यांचं घरचं बियाणं डागाळलं. पेरायच्या आधी ते किती उगवते हे तपासून घ्या म्हणून वरून निरोप आला. आमची अध्यक्ष गंगूबाई म्हणे, गटातली एक 'बियाणं ताई' करू, ती अकराही घरचं बियाणं तपासेल. तिले पंचायतीच्या खोलीत टेबल, खुर्ची आणि भिंतीवर नावाची पाटी.
मी लगेच हात वर केला. बाकीच्या एकमेकींकडे पाहात बसल्या.
मले ती खुर्ची पाहिजे. त्या खोलीत आजवर मी दहा वेळा गेली असेन. दहाही वेळा उभीच होती.
गंगूबाई म्हणे, या साली तू तपास. तुझा आकडा वावरात खरा निघाला तर खुर्ची तुझी. मी म्हटलं, पाटी रंगवाले टाका.

९ मे, शनिवार.
आमच्या घरात नेटवर्क नाही. शेजारी जहाँआराच्या स्लॅबवर भरपूर आहे. जहाँआरा गटाची सचिव, तिचा नवरा सत्तारभाई बारदान्याचा धंदा करते. जुने पोते आणायचे, शिवायचे, विकायचे. आता बाजार बंद, म्हणून ही ऊन चढायच्या आधी स्लॅबवर बसून पोते शिवत राहते. रोजे चालू असूनही. मी तिच्या बाजूले चटई टाकून कोर्स करते.
तिले म्हटलं, तूही एखादा कोर्स कर ना. म्हणे, आपा, हात मोकळे कुठे आहेत. काही लोकांले शिकायची हौसच नसते.

१२ मे, मंगळवार.
'वेळेचं नियोजन' संपवला. व्हिडिओ दुप्पट वेगानं लावता येते हे मीच शोधून काढलं. बाई भराभरा बोलाले लागली, अर्धा वेळ वाचला. वेळेचं नियोजन अजून दुसरं काय असते?
परीक्षेत दहापैकी सहा. पास व्हाले सहाच लागतात, म्हणजे एकही मार्क वाया घालवला नाही.
सर्टिफिकेट क्रमांक एक. अजून एकोणीस.

१६ मे, शनिवार.
'रागावर ताबा'. सोपा आहे. राग आला की श्वास घ्यायचा आणि दहापर्यंत मोजायचं.
दुपारी अपेक्षा मोबाइल मागाले आली. तिचे कॉलेजचे लेक्चर होते म्हणे, आणि रोजचा दीड जीबी मी सकाळीच संपवून टाकला होता. वरून म्हणे, आई, माझं शिक्षण आहे ते, तुझा टाइमपास आहे. मी मोजाले लागली. चारपर्यंत पोहोचली. बोलून झाल्यावर उरलेले सहा मोजले. बेरीज दहाच होते.

१९ मे, मंगळवार.
'मुलाखत आणि देहबोली'. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहा, पापणी कमी हलवा, हसू हलकं ठेवा. गंगूबाई पिठाची चाळणी मागाले आली तेव्हा तिच्यावर प्रॅक्टिस केली. पाच मिनिटं पाह्यलं. तिनं चाळणी घेतली नाही, तशीच मागे मागे सरकत गेली.
संध्याकाळी मीठ-मिरच्या घेऊन परत आली आणि माझी नजर उतरवून गेली. खुशालरावाले बाजूले घेऊन म्हणे, भाऊजी, बाईले एखाद्या चांगल्या ठिकाणी दाखवून आणा.
एवढी मोठी अध्यक्ष, आपल्या घरी दोनदा आली. छाप पडली.

२२ मे, शुक्रवार.
'प्रथमोपचार'. खुशालरावाच्या पायाले काटा रुतला होता. काटा त्यांनी स्वतःच काढला, पण मोडलेल्या हाताची पट्टी मी त्या दिवशी शिकली होती, म्हणून हाताले बांधली. मंग डोक्याचीही शिकली. ओसरीवर बसवून ठेवलं त्यांले. बिचारे बसले. माझा माणूस तसा साधा आहे, शिकलेल्या माणसाच्या शब्दाबाहेर जात नाही.
तासाभरात अर्धं गाव फाटकाशी. कोणी म्हणे गाडीवरून पडले, कोणी म्हणे बैलानं मारलं. गंगूबाई माझ्याकडे पाहून एक पाऊल मागे सरकली. तीन घरून चहा आला, एका घरून दूध. खुशालराव म्हणे, काटा होता. कोणी ऐकलं नाही.
सर्टिफिकेट क्रमांक चार.

२५ मे, सोमवार.
ईद. जहाँआराच्या घरून शीरखुर्मा आला, तिची पोरगी तुबा दारातून देऊन गेली. मी दोन वाट्या खाल्ल्या. आज अभ्यासाले सुट्टी.
एक सांगायचं राहून गेलं. 'आकाशगंगा आणि तारे' हाही कोर्स झाला. खुशालराव म्हणे, मंग पाणी कधी येईन? मी म्हटलं, हे ताऱ्यांचं आहे, ढगांचं नाही. म्हणे, मंग काय कामाचं? यांले ज्ञान म्हणजे काय हे समजावणं कठीण आहे.

२८ मे, गुरुवार. सकाळी ६.३०.
आज खरा कोर्स. 'घरच्या घरी बियाणे तपासणी'. सहा व्हिडिओ. माझी खुर्ची याच्यातच आहे.
पहिला व्हिडिओ 'नमुना घेणे'. बारा मिनिटं. पोत्यातून शंभर दाणे घ्याले बारा मिनिटं शिकवतात. मी जन्मभर दाण्यात हात घालून राहिली. तो सोडून दिला. म्हणजे मोबाइलले चालू ठेवला, पास व्हाले व्हिडिओ पुरा चालला पाहिजे, पण मी डोळे मिटून मन एकाग्र केलं. जहाँआरा म्हणे, आपा, घोरून राहिल्या तुमी. एकाग्र झाल्यावर श्वासाचा आवाज वाढते, 'रागावर ताबा'मध्ये सांगतलं आहे.
मी जागी झाली तेव्हा पाचवा व्हिडिओ चालू होता. जहाँआरा सुई थांबवून मोबाइलकडे पाहात होती. पोतं तसंच मांडीवर. काम सोडून मोबाइल पाहाची सवय लागली की संपलं, असं तिले समजावून सांगतलं.

३० मे, शनिवार.
परीक्षा. दहापैकी नऊ. माझा आजवरचा रेकॉर्ड.
एक चूक दाखवली ती माझी नाही. प्रश्न असा: तपासणीचे शंभर दाणे कसे घ्यावेत? अ, निवडून. ब, न निवडता. मी अ लिहिलं. मोबाइल म्हणते चूक. ज्या माणसानं हा प्रश्न काढला त्याच्या हातात कधी सूप आलं नसेन. न निवडता कोणती बाई दाणा पुढे ठेवते? आमच्या घरात न निवडलेलं धान्य ढोरालेही टाकत नाहीत. माझी सासू पाहुण्यासमोर डाळीत खडा निघाला म्हणून दोन दिवस जेवली नव्हती. आणि इथे तर गावाचं बियाणं.
अपेक्षाले दाखवलं. ती म्हणे, आई, थांब, यात बहुतेक... मी म्हटलं, दहापैकी नऊ तुले कधी पडले होते ते सांग. मोबाइल माझ्या हातात देऊन आत गेली.

१ जून, सोमवार.
अकरा घरून अकरा वाट्या बियाणं आलं. प्रत्येक वाटीत चिठ्ठी. सत्तारभाईनं बारदान्याचे अकरा तुकडे कापून दिले, पैसे नको म्हणे, गटाचं काम आहे.
दिवसभर ओसरीवर बसून निवडलं. डागी, फुटके, सुरकुतलेले, साल निघालेले, सगळे बाजूले. गंगूबाईचं बियाणं तर इतकं खराब की शंभर चांगले दाणे काढाले वाटी पुरली नाही, आणखी एक वाटी मागवली. पाठ मोडली. पण शेवटी जे शंभर-शंभर दाणे निघाले, पाहात राहावे असे. मोत्यासारखे.
उरलेला गाळ कोंबड्यांले टाकला.

२ जून, मंगळवार.
बारदाना भिजवला. दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी. गुंडाळी करून सावलीत ठेवल्या. वर घरघरची चिठ्ठी. रोज पाणी शिंपडणे. खुशालराव म्हणे, आपली गुंडाळी कोणती? मी म्हटलं, सगळ्या आपल्याच. असं बोलाले शिकली मी.

८ जून, सोमवार. सकाळी ९.
गुंडाळ्या उघडल्या. एकेक ओळ दोनदा मोजली.
आमचे शंभरातले अठ्ठ्याण्णव. गंगूबाईचे सत्त्याण्णव. जहाँआराचे शहाण्णव. अकराही घरं पंच्याण्णवच्या वर.
मनकर्णा, जिंकली तू.

९ जून, मंगळवार.
बैठकीत आकडे वाचून दाखवले. उभं राहून, पापणी न हलवता. गंगूबाई म्हणे, इतकं डागाळलेलं बियाणं, आणि सत्त्याण्णव? मी म्हटलं, दिसण्यावर जाऊ नका, याले विज्ञान म्हणतात. हिशेबही सांगतला: सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेरायचं, अठ्ठ्याण्णव उगवले तर बावीस किलोत भागते. उगाच जास्त पेरून बियाणं वाया घालवू नका.
सगळ्यांनी माना हलवल्या.
बैठक उठल्यावर जहाँआरा जवळ आली.
"आपा, दाणे निवडून घेतले का तुमी?"
मी म्हटलं, मंग काय तसेच? आळशी समजली का मले?
"मोबाइलवाली बाई तर म्हणत होती, मुठीत येईन तसे घ्या. पोत्यात जसे आहेत तसे. पेरताना काय निवडून पेरतो आपण?"
तिले शांतपणे सांगतलं की बाई, तुझ्याजवळ सर्टिफिकेट नाही, तू अर्धं ऐकलं, तेही पोतं शिवता शिवता. ती चप्पल घालून घरी गेली. जळतात लोक. 'यशस्वी लोकांच्या सवयी' या कोर्समध्ये यावर एक अख्खा व्हिडिओ आहे.

१० जून, बुधवार.
जहाँआरा घरोघरी वाटी घेऊन फिरताना दिसली. गंगूबाईच्याही घरी गेली. विचारलं तर म्हणे, थोडं बियाणं पाहून राहिली. पाहू दे. मी आता 'मधमाशीपालन' सुरू केला.

१५ जून, सोमवार.
गंगूबाई आली. बाजेवर बसली, पाणी प्यायली, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. मंग म्हणे, मनकर्णा, आम्ही जरा जास्तच पेरून राहिलो बरं, तूही जरा हात सैल सोड. मी मोजाले लागली. यावेळी सातपर्यंत गेली. सुधारणा आहे.

१७ जून, बुधवार.
पेरणी झाली. तीन एकर. एकरी बावीस किलो, किलोभर वर नाही खाली नाही. तिफणीमागे मी स्वतः होती. घरी पोतं उरलं ते पाहून मले हसू आलं. बाकीच्यांच्या घरी काहीच उरलं नसेन.
अपेक्षाले म्हटलं, पंचायतीत पाटी लागली की फोटो काढ माझा. खुर्चीत बसलेली. ती म्हणे, काढीन आई. नीट बोलली, कधी नव्हे ते.

२३ जून, मंगळवार.
बियाणं निघून राहिलं. अजून नीट दिसत नाही. बांधावरून पाह्यलं की काळी जमीन जास्त दिसते. रोपं लहान आहेत म्हणून.

२४ जून, बुधवार.
रोपं मोठी झाली. जमीन अजून दिसून राहिली.
विचार केला. विरळ पिकाले हवा चांगली लागते. प्रत्येक झाडाले पसराले जागा. शहरात लोक अशाच जागेसाठी मरतात.

२५ जून, गुरुवार.
गंगूबाईच्या बांधावर गेली. सहज. हिरवंगार वावर, ओळीनं ओळ, मधात बोट घालाले जागा नाही. मंग जहाँआराच्या. मंग आणखी दोन वावरं पाह्यली. सगळीकडे तेच. आपल्या वावरात एका पावलात दोन झाडं, मंग चार पावलं काहीच नाही.
कोंबड्यांनी खाल्लं असेन. पक्ष्यांनी. किंवा आपल्या तिफणीत काही बिघाड.

२६ जून, शुक्रवार.
तिफणीत काही बिघाड नाही. खुशालरावानं दोनदा खोलून पाह्यली.

२७ जून, शनिवार.
खरं काय ते आज समजलं, लिहाचं नव्हतं पण लिहून टाकते.
जहाँआरानं अकराही घरून नवीन दाणे घेतले होते, मुठीत येईन तसे. तिच्या गुंडाळीत कोणाचे बावन्न निघाले, कोणाचे साठ. साऱ्यांनी एकरी चाळीस-चाळीस किलो पेरलं. माझ्या आकड्यावर कोणीही पेरलं नाही. माना फक्त हलवल्या.
मी खुशालरावाले विचारलं, तुमाले माहीत होतं का? म्हणे, हो, दाणे मीच दिले होते, मंग सत्तारभाईनं सांगतलं, आपले चौपन्न निघाले म्हणून. मी म्हटलं, मंग काहून बोलले नाही? मंग बावीस किलो काहून पेरलं?
ते बाजेची दोरी ओढत होते. वर न पाहता म्हणे,
"तू शिकून राहिली होती ना."
मी दहापर्यंत मोजलं. पूर्ण. मंग पुन्हा एकदा मोजलं.

२९ जून, सोमवार.
सकाळी फाटक वाजलं. गंगूबाई, जहाँआरा आणि गटाच्या साऱ्या बाया. हातात खुरपी. गंगूबाई म्हणे, चाल, खाडे भरून काढू, जिथे झाड नाही तिथे दाणा टोबू, अजून उशीर झाला नाही. उरलेलं पोतं काढ. मी म्हटलं, तुमच्या घरची कामं पडली असतील. म्हणे, आमची वावरं उगवली ना, आता काय काम.
त्यावर साऱ्या हसल्या. मीही हसली, देहबोली हलकी ठेवून. मंग खरंच हसू आलं. खुशालरावाच्या पट्ट्यांची आठवण एकीनं काढली, आणि मंग काय, नजर उतरवल्याचं, घोरल्याचं, एकेक. जहाँआरानं मी घोरते कसं ते करून दाखवलं. हुबेहूब नाही, पण साऱ्यांले पटलं.
जहाँआरा म्हणे, माझा आकडा आता जुना झाला, टोबाच्या आधी पोत्यातलं किती उगवते ते एकदा पाहून घ्या आपा, म्हणजे एका खड्ड्यात दोन दाणे टाकायचे की तीन ते समजन. बारदाना मी आणते, पण दाणे तुमी घ्या. पोत्यात हात घाला आणि मूठ भरा. निवडू नका. आज तीन-तीन टाकत जाऊ, उरलेल्या वावरात तुमच्या आकड्यानं. एवढंच बोलली. माझं सर्टिफिकेट काढलं नाही, आपलं शहाणपण काढलं नाही. दाणे आत्ता घेऊ म्हटलं तर म्हणे, घाई करू नका, निवांत बसून घ्या.
दिवसभर टोबलं. एक एकर झालं. कमरेची काडी झाली.

१ जुलै, बुधवार.
बैठक झाली. बियाणं ताई जहाँआरा. माझाच हात पहिला वर गेला, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ती म्हणे, माझ्याजवळ तर कागद नाही. गंगूबाई म्हणे, वावर हाच कागद. पाटीवरचं नाव पुसून नवीन लिहाले रंगारी येईन. माझ्या नावाचे पहिले दोन अक्षर लिहून झाले होते म्हणे. 'मन'.
खुर्ची मी पाह्यली. एक पाय हलते.

२ जुलै, गुरुवार. दुपारी ४.
अपेक्षा बार्शीटाकळीले गेली होती. झेरॉक्सवाला उघडला म्हणून माझं सर्टिफिकेट छापून आणलं. रंगीत. मले विचारलंही नाही. 'श्रीमती मनकर्णा खुशालराव, घरच्या घरी बियाणे तपासणी, यशस्वीरीत्या पूर्ण'. जाड कागद, सोनेरी काठ. म्हणे, आई, भिंतीवर लावू? मी म्हटलं, आण इकडे. मले पांढरा कागद लागतेच आहे, दाणा त्याच्यावर नीट दिसते.
ओसरीवर अंथरला. पोत्यात हात घातला, मूठ भरली, डोळे बंद करून. कागदावर ओतली. शंभर मोजाले बसली. फक्त मोजायचं. चांगला आला चांगला, डागी आला डागी. अपेक्षा बाजूले बसून पाहात होती, खुशालराव दारात उभे. पंचवीस. पन्नास. काही अवघड नाही. मी या कामात आता कोणालेही ऐकणार नाही, बारा मिनिटांचा तो व्हिडिओ आज सकाळी पूर्ण पाह्यला आहे, साध्या वेगानं, जागी राहून.
नव्वद. पंच्याण्णव. शंभर.
अपेक्षा म्हणे, आई, तुझ्या डाव्या हाताखाली काय आहे?
हात उचलून पाह्यला. सात डागी, चार फुटके. कधी बाजूले सारले, मलेही माहीत नाही.